घासाची वाट

‘सुरतनुं जमण अने काशीनुं मरण’ ही म्हण सुरतेत आल्यापासून आठवड्याभरात कानी पडली नाही असा परप्रांतीय विरळाच. जेवावे सुरतेत आणि मरावे काशीत, एवढाच तिचा अर्थ. परंतु ती म्हणताना येथल्या माणसाच्या मुद्रेवर जे समाधान पसरते ते पाहिले म्हणजे काशीचा उल्लेख केवळ यमकासाठी केला असावा असे वाटू लागते. थंडीत कोवळ्या ज्वारीचा पोंक, कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे चंदनी पडव्याला, तुपाने माखलेली घारी, आणि सकाळच्या वेळी वाफाळणारा लोचो, हे या शहराचे खरे पंचांग होय. आम्ही कोकणी बोलणारी माणसे शीत-कढीवर वाढलेली. तरीही या पंचांगाची सवय आम्हांस फार लवकर जडली.

मराठी शिकविणारीला शब्दांकडे पाहण्याची खोड असते. घास या शब्दाभोवती आपल्या भाषेने किती वाक्प्रचार विणले आहेत ते पाहा. हातातोंडाशी आलेला घास, तोंडचा घास काढून देणे, घासातला घास, घास घशाखाली न उतरणे. या सगळ्यांत घास एकतर हातात आहे, नाहीतर तोंडात आहे. फार तर घशाशी येऊन थांबला आहे. एखादी गोष्ट गळी उतरली म्हणजे प्रश्न मिटला असे आपण मानतो. गळ्याखाली त्याचे पुढे काय होते याची विचारपूस भाषेने केलेली नाही, कारण ती करण्याची वेळ निरोगी माणसावर कधी येतच नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुम्ही शास्त्राच्या पुस्तकात अन्ननलिकेची आकृती काढली असेल. सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची ती नळी आपण एखाद्या पन्हळीसारखी रंगवितो. वरून टाकले की खाली पडले! वस्तुस्थिती तशी नाही. घास गिळला की त्याच्या मागून स्नायूंची एक लाट निघते आणि आठ-दहा सेकंदांत त्याला जठराच्या दारापर्यंत ढकलीत नेते. ही लाट इतकी समर्थ असते की उलटे टांगलेल्या माणसालाही पाणी गिळता येते, आणि जेथे वर-खाली असा भेदच जाणवत नाही त्या अंतराळात अंतराळवीर जेवू शकतात. नळीच्या तळाशी स्नायूंचेच एक वळे असते. ते एरवी घट्ट मिटलेले असते, म्हणून जठरातील आम्ल वर येत नाही. घास जवळ आला की क्षणभर सैल पडते आणि त्याला आत घेऊन पुन्हा मिटते. पहारेकऱ्याला घास आल्याची वर्दी देण्याचे काम अन्ननलिकेच्या भिंतीतील चेतापेशी करतात.

या चेतापेशी काही माणसांत हळूहळू नाश पावतात. का पावतात याचा पूर्ण उलगडा झालेला नाही; शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच पेशींवर उलटत असावी असा तज्ज्ञांचा तर्क आहे. परिणाम मात्र स्पष्ट आहे. लाट निघत नाही आणि दार उघडत नाही. अन्न दारापाशी साचत राहते, नळी फुगत जाते. या विकाराला अकॅलेशिया म्हणतात. सैल न पडणे असा त्या ग्रीक शब्दाचा अर्थ. वर्षाला लाखात एखाद्याला होणारा हा आजार. तो विरळ आहे म्हणूनच रुग्णाच्या वाट्याला एक वेगळा एकांतवास येतो, कारण त्याचे दुखणे ओळखणारे माणूस त्याला सहसा भेटत नाही.

माझी मावशी कारवारची. माझ्या आईहून ती चार वर्षांनी धाकटी. लवकर वैधव्य आल्यावर तिने शिवणकाम करून दोन मुलगे वाढविले, आणि त्या दोघांनी नोकरीनिमित्त दूरदेश गाठल्यावर ती एकटी राहू लागली. तीन वर्षांपूर्वी आम्ही तिला सुरतेस घेऊन आलो तेव्हा तिचे वजन पूर्वीपेक्षा तेरा किलोने उतरले होते.

तिचे दुखणे सहा-सात वर्षांचे होते. प्रथम भाकरीचा तुकडा छातीत अडे, मग भाताचे शीत, पुढे पाणीदेखील. कोकणीत ती एवढेच म्हणे, “घांस थंयच रावता.” घास तेथेच राहतो. यावर तिने आपले उपाय शोधून काढले होते. प्रत्येक घासामागे पेलाभर पाणी प्यावे, ताटावरून उठून दोन्ही हात वर ताणावे, ओसरीवर चार फेऱ्या घालाव्या. मग कधी एकदम काहीतरी सुटल्यासारखे होई आणि घास खाली जाई. कधी जात नसे. तेव्हा तो जसाच्या तसा, आंबट न होता, परत येई. जठरापर्यंत जो पोहोचलाच नाही त्याला आंबटपणा येणार कोठून? रात्री आडवे झाले की साचलेले पाणी घशाशी येऊन ठसका लागे, म्हणून ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपे. वर्षानुवर्षे ती आम्लपित्ताच्या गोळ्या घेत होती. छातीत जळजळणे, अन्न वर येणे ही लक्षणे दोन्ही आजारांत सारखीच असल्याने ही गफलत जगभर होते, आणि योग्य निदानापूर्वी अनेकांची वर्षे अशीच जातात.

या सर्वाहून मला विलक्षण वाटते ती तिने केलेली लपवणूक. पंगतीत बसणे अशक्य झाले तेव्हा तिने उपवास वाढविले. आधी सोमवार होता, मग शनिवार आला, मग दोन्ही एकादश्या, संकष्टी, प्रदोष. लग्नकार्यात तिला कोणी पानावर बोलावले की तिचा नेमका उपवास असे; पेलाभर ताक घेऊन ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राही आणि इतरांना आग्रह करकरून वाढी. गावात तिच्या धार्मिकतेचा लौकिक झाला. आपल्याकडे बाई मागून जेवते, एकटी जेवते, कमी जेवते. या तिन्ही गोष्टींना आपण गुण मानीत आलो आहोत. मग ती जेवूच शकत नाही हे कोणाच्या नजरेस यावे कसे? मावशीला लाज वाटत होती ती घास परत येण्याची. चारचौघांत तसे झाले तर लोक काय म्हणतील, या धास्तीने तिने व्रतांचा पदर ओढून घेतला होता.

सुरतेतील एका रुग्णालयात तिच्या तपासण्या झाल्या. दुर्बिणीने आत पाहून कर्करोग नाही याची खात्री करून घेतली. मग बेरियमचे पांढरे पाणी पाजून क्ष-किरणांची छायाचित्रे काढली. त्यांत वर फुगलेली आणि तळाशी एकाएकी निमुळती होत गेलेली नळी दिसली. डॉक्टरांच्या पुस्तकांत तिला पक्ष्याची चोच म्हणतात. मावशीने ते चित्र बराच वेळ निरखले आणि ही बगळ्याची चोच होय असा निर्वाळा दिला. शेवटी नाकातून एक बारीक नळी घालून, पाण्याचे दहा घोट एकेक करून गिळावयास लावून, आतला दाब मोजला. दहापैकी एकाही घोटामागून लाट निघाली नाही.

“आपण पोएम करू या,” डॉक्टर म्हणाले.

भाषा शिकविणारीने हे वाक्य रुग्णालयात ऐकले म्हणजे तिच्या मनात काय येईल हे वाचकांनी ओळखलेच असेल. क्षणभर मला यमक, वृत्त, अनुप्रास असे सारे दिसू लागले. तो शब्द म्हणजे ‘पर-ओरल एन्डोस्कोपिक मायॉटमी’ या लांबलचक नावाची आद्याक्षरे होत: तोंडावाटे, दुर्बिणीच्या साहाय्याने, स्नायू कापणे. इंग्रजांच्या भाषेत आद्याक्षरांतून कविता निघते हा निव्वळ योगायोग. पण चिंतेने जड झालेल्या त्या खोलीत त्याने मला थोडे हसविले.

या कवितेचा इतिहास मी पुढे रात्री जागून वाचला. ज्या १६७४ साली रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला त्याच साली टॉमस विलिस या इंग्रज वैद्याने आपल्या ग्रंथात अशाच एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. देवमाशाच्या तोंडातील लवचिक पट्टीची काडी करून विलिसने तिच्या टोकाला स्पंजाचा गोळा बांधून दिला. तो माणूस जेवण झाले की ती काडी घशात घालून अन्न खाली ढकली, आणि असे त्याने पंधरा वर्षे केले! रोज, प्रत्येक जेवणाला. मावशीच्या ओसरीवरील फेऱ्या आणि ही काडी यांत मला फारसे अंतर वाटत नाही. १९१३ साली लाइपझिग येथे अर्न्स्ट हेलर या शल्यविशारदाने पोट उघडून ते मिटलेले वळे बाहेरून कापले. पुढे हीच शस्त्रक्रिया पोटावर लहान छिद्रे पाडून होऊ लागली. तोंडावाटे फुगा नेऊन, तो दारात फुगवून स्नायू ताणण्याचाही एक मार्ग आहे. २००७ साली भारतीय वंशाचे डॉ. पंकज पसरिचा व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेत डुकरांवर प्रयोग करून हा स्नायू आतूनच कापता येतो असे दाखविले, आणि २००८ च्या सप्टेंबरात जपानमधील योकोहामा येथे डॉ. हारुहिरो इनोउए यांनी माणसावर ती क्रिया प्रथम केली. १७ रुग्णांवरील त्यांचा निबंध २०१० साली प्रसिद्ध झाला.

कृतीतील शहाणपण ऐकण्याजोगे आहे. स्नायू कापावयाचा तर अन्ननलिकेला आरपार भोक पडून आतली घाण छातीत पसरण्याचे भय. म्हणून डॉक्टर थेट स्नायूवर सुरी चालवीत नाहीत. बऱ्याच वर, आतल्या नाजूक अस्तराला ते एक लहानसा छेद देतात. निळा रंग मिसळलेले पाणी अस्तराखाली सोडून ते स्नायूपासून उचलतात, आणि त्या फटीतून दुर्बीण सरकवीत भिंतीच्या आतल्या आत बोगदा खणतात. गिलावा आणि वीट यांच्यामधून वाट काढावी तसे ते काम. बोगदा जठरापर्यंत गेला की आतले गोल स्नायू काही सेंटिमीटर लांबीपर्यंत कापीत नेतात, आणि बाहेर येताना वरचा छेद धातूच्या बारीक क्लिपांनी बंद करतात. वरचे छिद्र एका ठिकाणी आणि स्नायूचा छेद दुसऱ्या ठिकाणी. मधला अस्तराचा पडदा अखंड. शरीरावर बाहेरून एक ओरखडाही नसतो. मावशीला पूर्ण भूल दिली होती. दुसऱ्या दिवशी गळती नाही ना हे क्ष-किरणांनी पाहून तिला पाणी दिले. ती घोट घेऊन थांबली, सवयीप्रमाणे हात वर करू लागली, आणि हात अर्ध्यावरच राहिले. “सकयल देंवता,” ती म्हणाली. खाली उतरते.

येथे कथा संपली असती तर ती मासिकांतून येणाऱ्या चमत्कारांच्या कथांसारखी झाली असती. परंतु मला सांगावयाचे आहे ते यापुढचेच.

या आजारात गुण देण्याची एक पद्धत आहे. एकार्ट या जर्मन वैद्याच्या नावाने ती ओळखली जाते. गिळताना अडणे, अन्न परत येणे, छातीत दुखणे आणि वजन घटणे असे चार विषय, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण बारा. आमच्या शाळेतील कित्येकांना आवडेल अशी तिची रीत आहे, कारण येथे शून्य मिळविणारा पहिला येतो आणि तीनपर्यंत गुण असलेला उत्तीर्ण समजला जातो. मावशीला पूर्वी नऊ गुण होते. दोन वर्षांनी ते दोनवर आले: एक गुण कधीमधी पाव किंवा सुकी भाकरी अडते त्याचा, दुसरा छातीत क्वचित कळ येते त्याचा. वजन भरून आले. कागदोपत्री ती उत्तम रीतीने उत्तीर्ण झाली.

मोठ्या परीक्षाही झालेल्या आहेत. युरोपातील सहा देशांत २२१ रुग्णांच्या चिठ्ठ्या टाकून काहींवर पोएम व काहींवर हेलरची शस्त्रक्रिया केली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार दोन वर्षांनंतर पोएमचे शेकडा ८३ आणि हेलरचे सुमारे ८२ रुग्ण उत्तीर्ण होते. म्हणजे बरोबरीच. त्याच वर्षी फुग्याशी केलेल्या तुलनेत पोएमचे शेकडा ९२ तर फुग्याचे ५४ उत्तीर्ण ठरले. आपल्याकडे हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी या संस्थेने ४०८ रुग्णांचा वृत्तांत २०१७ साली दिला. तेथे एका वर्षानंतर शेकडा ९४ व तीन वर्षांनंतर ९० जणांस गुण आलेला होता.

आकडे पाहून आनंद झाला. पण उत्तरपत्रिका तपासणाऱ्याची नजर प्रश्नपत्रिकेकडेही वळते. एकार्टच्या चार विषयांत जळजळीचा विषयच नाही! आणि पोएमची खरी किंमत तेथेच मोजावी लागते. मेलेल्या चेतापेशी काही परत येत नाहीत, लाट पुन्हा उठत नाही. पहारेकऱ्याला समज देता आली नाही म्हणून दाराचे बिजागरच कापले, एवढेच झालेले असते. मग जे दार खाली जाणाऱ्या घासाला अडवीत नाही ते वर येणाऱ्या आम्लाला तरी कसे अडवील? त्या युरोपातील अभ्यासातच दोन वर्षांनंतर दुर्बिणीतून पाहता पोएमच्या शेकडा ४४ रुग्णांच्या अन्ननलिकेत आम्लाने दाह झालेला दिसला. हेलरच्या शस्त्रक्रियेत शल्यविशारद जठराचा भाग वळवून एक आडोसाही शिवतात, तेथे हे प्रमाण २९ होते. पुष्कळांचा दाह सौम्य असतो व गोळ्यांनी आटोक्यात राहतो; काहींना जळजळ जाणवतही नाही, आणि म्हणूनच लक्षणे नसली तरी मधूनमधून दुर्बिणीने पाहणे इष्ट ठरते.

येथे आपल्या सुरतेचा उल्लेख अभिमानाने केला पाहिजे. हिरे आणि रेशीम यांपलीकडे या शहराचे नाव ज्या कामांमुळे बाहेर गेले त्यांत हे एक आहे. जठराच्या मुखाशी तिरक्या स्नायुतंतूंची एक गोफण असते. तिच्यामुळे अन्ननलिका व जठर यांच्यात कोन पडून आम्लाला नैसर्गिक अटकाव होतो. छेद देताना ही गोफण वाचविली तर गिळणे सुधारूनही जळजळ कमी होईल काय, असा प्रश्न जपानी डॉक्टरांबरोबरच येथील सुरत इन्स्टिट्यूट ऑफ डायजेस्टिव्ह सायन्सेसमधील डॉ. पंकज देसाई व त्यांच्या सहकाऱ्यांनीही हाती घेतला. चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट पाडून त्यांनी दोन्ही रीतींची तुलना केली आणि गोफण राखणाऱ्या रीतीच्या बाजूने आपला निष्कर्ष जगापुढे मांडला. ज्या गावी खाण्याची एवढी महती त्या गावच्या डॉक्टरांनी घासाच्या वाटेचा इतका बारकाईने विचार करावा, हे मला फार शोभून दिसते.

मावशी आता जेवते. पण ती पूर्वीसारखी झाली असे मी म्हणणार नाही. लाट नसल्यामुळे तिचा घास आता केवळ पृथ्वीच्या ओढीने खाली जातो. तिला ताठ बसून, सावकाश, घोट घोट पाणी घेत जेवावे लागते. दिवेलागणीनंतर लवकर जेवण आटोपून तीन तास आडवे व्हावयाचे नाही असा दंडक आहे. पलंगाच्या उशाकडील पायांखाली आम्ही दोन दोन विटा दिल्या आहेत. सकाळी उपाशीपोटी एक गोळी असते. गेल्या वर्षीच्या तपासणीत सौम्य दाह आढळला होता, यंदा तो आढळला नाही. वर्षातून एकदा ती त्या निळसर दिव्यांच्या खोलीत जाऊन येते आणि बाहेर आल्यावर प्रथम चहा मागते.

उपवासांचे काय झाले, असे मला कारवारच्या नातेवाइकांनी विचारले. सोमवार तेवढा तिने ठेवला आहे. बाकीचे तिने कधी सोडले हे कोणाला समजले नाही; सोडल्याचे उद्यापनही झाले नाही. मात्र गेल्या मार्गशीर्षात माझ्या नणंदेच्या लग्नात ती पंगतीत, पुरुषांच्या समोरच्या रांगेत, माझ्या शेजारी पानावर बसली. सगळे उठले तरी तिचे जेवण चालूच होते. वाढपी दोनदा येऊन पाहून गेले. तिने वर पाहिले नाही. जिलबीचा लहान तुकडा मोडावा, चावावा, घोटभर पाणी घ्यावे, क्षणभर थांबावे, मग दुसरा. एकार्टच्या कोष्टकात या पाऊण तासाला एकही रकाना नाही.

पुढच्या महिन्यात ती कोकण रेल्वेने कारवारला निघाली आहे. आता तेथेच राहीन म्हणते. तिच्या सामानात तीन महिन्यांच्या गोळ्या, तपासण्यांचे कागद आणि उतरती शिवलेली एक कापसाची जाड उशी आहे. उशी तिने आमच्याच यंत्रावर स्वतः शिवली. तिकीट खालच्या बर्थचे मिळाले आहे. दोन्ही मुलग्यांना तिने फोनवरून कळविले आहे की पुढच्या सुटीत याल तेव्हा भाकऱ्या मी करीन, पण जेवायला सगळ्यांनी एकदमच बसावयाचे, आणि मी उठेपर्यंत कोणी उठावयाचे नाही.